जाळ अन् धूर

“ताई, तिकडं हजार-हजार घोड्यांच्या गाड्या शोरूममधनं विकत्यात, आन् हितं माझी अकरा घोड्यांची आरएक्स सरकारला जड झालीया.”

मावसभावाचा हा व्हॉइस मेसेज आला २०२५ च्या ऑगस्टच्या अखेरीला. वीस वर्षांवरच्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन पुढं चालू ठेवायची फी केंद्र सरकारनं त्याच महिन्यात दुप्पट केली होती. दुचाकीला २,००० रुपये, मोटारीला १०,०००. त्याच्या यामाहा आरएक्स १०० चं रि-पासिंग नेमकं तोंडावर आलेलं. दिल्लीत जुन्या गाड्यांना पेट्रोल देऊ नका असा हुकूम जुलैत निघाला आणि काही दिवसांत थांबवावा लागला. मुंबई परिसरात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्यानं बंद करता येतील का, हे तपासायला उच्च न्यायालयाच्या आदेशावरून जानेवारीतच समिती बसली होती. त्यात ई-२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा वाद. आमच्या घरच्या ग्रुपवर रोज रात्री याच विषयावर खडाजंगी, आणि शेवटी सगळे माझ्याकडं वळायचे, कारण मी ‘तिकडं’ असते आणि इंजिनांचंच काम करते. प्रश्न एकच: तिकडच्या दांडग्या मसल कारचं नि आपल्या जुन्या गाड्यांचं आता काय होणार?

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहते, चौदा वर्षं झाली. इंजिनाला कुठल्या क्षणी किती इंधन द्यायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे संगणकात बसवणं म्हणजे माझी नोकरी. या कामाची ओढ मात्र कोल्हापुरातली. बाबांचं उद्यमनगरात रिबोअरिंगचं, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर पुन्हा कोरून द्यायचं दुकान होतं. इंजिन चालू ठेवून स्क्रू ड्रायव्हरचं टोक ते ब्लॉकला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, “तिसऱ्याचा बेअरिंग गेलाय.” खोललं की तिसऱ्याचाच गेलेला असायचा. शाळेतून येताना मी तिथं थांबायची, आणि एखादं चांगलं ट्यून केलेलं इंजिन पहिल्या किकला पेटलं की दुकानातलं कुणीतरी म्हणायचंच, “जाळ अन् धूर संगटच!”

कोल्हापूरकरांना या चार शब्दांचा अर्थ सांगायला नको. पण मसल कारच्या भवितव्याचा मी जेव्हा जेव्हा विचार करते, तेव्हा मला हेच शब्द आठवतात. साठ वर्षं चाललेला वाद एवढाच आहे की जाळ ठेवून धूर काढता येतो का.

मसल कार म्हणजे काय, हे आधी सांगते, कारण आपल्याकडं कुठल्याही महागड्या वेगवान गाडीला हे नाव चिकटवतात. फेरारी ही मसल कार नव्हे. मसल कार म्हणजे मधल्या आकाराची साधी गाडी, तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आणि किंमत कारखान्यातल्या पोराला हप्त्यानं झेपेल इतकी. जनरल मोटर्समध्ये तेव्हा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिअॅक या त्यांच्याच विभागाचा मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ साठी टेम्पेस्ट या गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि ते नवं मॉडेल म्हणून न दाखवता ‘जादा ऑप्शन’ म्हणून दाखवलं. नियम शाबूत राहिला आणि जीटीओ जन्माला आली. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डची मस्टँग आली, सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर. दोन वर्षांनी डॉजनं ४२६ घन इंचांचं ‘हेमी’ नावाचं इंजिन रस्त्यावरच्या गाडीत दिलं, ४२५ अश्वशक्तीचं.

माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर वुडवर्ड ॲव्हेन्यू आहे. साठच्या दशकात याच रस्त्यावर पोरं रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत गाड्या पळवायची, आणि कंपन्यांचे इंजिनिअरही गुपचूप आपली गाडी घेऊन यायचे, असं इथली जुनी माणसं सांगतात. १९९५ पासून इथं ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, फर्नडेलपासून पाँटिअॅक गावापर्यंत. गणपती विसर्जनाला महाद्वार रोडवर लोक जसे कट्टे धरून बसतात, तसे इथले लोक सकाळी सहालाच खुर्च्या मांडून बसतात. आजोबा नातवाला इंजिनाच्या आवाजावरून वर्ष ओळखायला शिकवतो. बॉनेट उघडून अनोळखी माणसं एकमेकांच्या कार्बुरेटरवर वाकलेली असतात. माझ्यासारख्या मराठी बाईनं एखाद्याला कॅमशाफ्टबद्दल विचारलं तरी तो अर्धा तास मनापासून सांगत बसतो. या देशात मला पहिल्यांदा आपलेपणा वाटला तो या रस्त्याच्या कडेला.

आणि त्याच शनिवारी माझी मुलगी खिडक्या बंद करून घरात बसते. तिला दमा आहे. १९७० च्या आधीच्या इंजिनाला धुरातलं विष काढणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, अर्धवट जळालेलं पेट्रोल सरळ हवेत. दुपारी दोनला त्या रस्त्यावर उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, घशाशी खवखव होते. मला आवडणारी गोष्ट माझ्या पोरीच्या छातीत काय करते हे मला रोज दिसतं, त्यामुळं ‘धूर म्हणजेच मजा’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी बोलू शकत नाही.

मसल कार एकदा मेलेली आहे. १९७० साली क्लीन एअर ॲक्ट आला. विमा कंपन्यांनी पंचविशीच्या आतल्या पोरांच्या दांडग्या गाड्यांना असे हप्ते लावले की गाडीपेक्षा विमा जड व्हावा. कमी ऑक्टेनचं, शिसं नसलेलं पेट्रोल येणार म्हणून जनरल मोटर्सनं १९७१ ला इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, म्हणजे ताकद घटली, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. १९७४ ला निघालेल्या नव्या मस्टँगला अमेरिकेत व्ही-एट मिळतच नव्हतं. १९७५ च्या शेव्हर्ले कॉर्व्हेटमधलं मूळ ५.७ लिटरचं इंजिन १६५ अश्वशक्ती द्यायचं. मोजायची पद्धतही १९७२ पासून कडक झाली होती, तरी तो आकडा वाचून माझ्या पोटात आजही कालवतं.

पण पुढं जे घडलं ते आमच्या ग्रुपवरच्या भांडणात कुणीच बोलत नाही. कायद्यानं हात पिरगळला म्हणूनच इंजिनं सुधारली. कार्बुरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसला, तो क्षणाक्षणाला सांगू लागला की मिश्रण दाट आहे की पातळ. आजच्या मस्टँग जीटीचं पाच लिटरचं व्ही-एट ४८० अश्वशक्ती देतं आणि तिच्या धुरातले विषारी घटक १९७० च्या गाडीच्या शंभरात एखाद्या हिश्श्याइतके असतात. माझ्या सहकाऱ्यांच्या दोन पिढ्या यात खपल्या. धूर गेला आणि जाळ उलट वाढला. ज्याला ‘सरकार आमचा नाद मोडतंय’ असं वाटतं, त्यानं हा इतिहास जरूर बघावा.

राहिला कार्बन डायऑक्साइड. त्याला कन्व्हर्टर नाही. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणारच, इंजिन कितीही हुशार असो. सुपरचार्जर लावलेली, ७०७ अश्वशक्तीची डॉजची चॅलेंजर हेलकॅट लिटरला जेमतेम सहा-सात किलोमीटर जाते. इथं माझ्या धंद्याची सगळी हुशारी संपते.

दुसरं मरण आम्ही डोळ्यांदेखत बघितलं. २०२३-२४ च्या हिवाळ्यात लान्सिंगच्या कारखान्यातून शेव्हर्लेची शेवटची कमॅरो निघाली, आणि त्याच सुमारास कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये चॅलेंजर आणि जुन्या चार्जरची लाइन थांबली. जाता जाता डॉजनं डेमन १७० काढली, १,०२५ अश्वशक्तीची. मावसभाऊ ज्या हजार घोड्यांबद्दल बोलत होता ती हीच. त्या मुळात थोड्याच निघाल्या आणि आता बनत नाहीत, हे त्याला सांगितलं तर म्हणाला, “म्हंजे तिकडंबी मेलंच की.”

मेलं, पण कुणी मारलं? आपल्याकडं समज असा की पर्यावरणवाल्यांनी. माझं मत निराळं आहे. २०१५ साली अमेरिकेत सव्वा लाखाच्या आसपास मस्टँग विकल्या गेल्या होत्या. २०२४ मध्ये ४४ हजार. मस्टँगवर कुणी बंदी घातली नव्हती. लोक एसयूव्ही आणि पिकअप घेऊ लागले, व्ही-एट मस्टँग ४५ हजार डॉलरच्या वर गेली, आणि कारखान्यातल्या पोराला तिचा हप्ता आणि विमा दोन्ही झेपेना. हेलकॅटचा विमा तर चोऱ्यांमुळंही महाग; चोरांची ती सगळ्यात लाडकी गाडी झाली होती. ज्या दिवशी ही गाडी गरिबाच्या पोराच्या आवाक्याबाहेर गेली, त्या दिवशी ती मसल कार उरली नाही, असं मी मानते. बाकी मग पैसेवाल्यांचं खेळणं.

आता वीज. डॉजनं नवी चार्जर डेटोना विजेवर काढली, ६७० अश्वशक्तीपर्यंतची, वजन अडीच टनांहून जास्त. विजेच्या मोटारीला आवाज नसतो, म्हणून तिला स्पीकर आणि पोकळ कप्प्यांचा एक बनावट एक्झॉस्ट बसवला, १२६ डेसिबलपर्यंत गुरगुरणारा, असा कंपनीचा दावा. मी ती चालवून पाहिली. पाठ सीटला चिकटते, पोटात खड्डा पडतो, सगळं खरं. पण तो आवाज ऐकून मला काहीच कळत नव्हतं. इंजिनाचा आवाज ही बातमी असते: व्हॉल्व्ह सैल आहे, मिश्रण पातळ आहे, एक सिलिंडर नीट पेटत नाही. बाबांचा स्क्रू ड्रायव्हर त्या बातमीसाठी कानाला लागायचा. स्पीकरमधून येणाऱ्या गुरगुरीत अशी बातमी कुठून येणार? लोकांनी ती गाडी फारशी घेतली नाही. त्याच चार्जरमध्ये पेट्रोलचं इंजिनही द्यायचं कंपनीनं आधीच ठरवलं होतं. ते मात्र व्ही-एट नाही, सहा सिलिंडरचं ट्विन-टर्बो आहे.

घरी हे सांगितलं तर भाचा म्हणाला, “मावशी, आपल्या चाकणला बनत्या ती महिंद्राची बीई ६ बघ की. आवाज ए. आर. रहमाननं केलाय.” मी बघितली. तिच्या वरच्या मॉडेलला २८० च्या आसपास अश्वशक्ती आहे, म्हणजे माझ्या त्या १९७५ च्या कॉर्व्हेटपेक्षा कितीतरी जास्त, आणि बाजारात आली तेव्हा किंमत सत्तावीस लाखांच्या आत. चाकणच्या कामगारांनी ती बनवली याचा मला अभिमान वाटतो. मुंबई-पुण्याच्या रोजच्या गर्दीत विजेचीच गाडी असावी असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या मुलीसारखी किती मुलं तिथं त्या हवेत श्वास घेतात. आणि ताकद आता दुर्मिळ राहिलेली नाही, हेही यातून दिसतं. तेव्हा मसल कार वाचवायची तर ‘ताकद’ हे कारण पुरत नाही.

ताकद हातात आलेली माणसं रस्त्यावर काय करतात, ते दोन्हीकडं बघितलंय. डेट्रॉइटमध्ये रात्री एखादा चौक गाड्या आडव्या लावून अडवतात आणि मधे मागची चाकं जाळत गोल गोल फिरतात, शे-दोनशे पोरं मोबाईल धरून हातभर अंतरावर. मी एकदा अशा गर्दीत अडकले होते. बाजूच्या गाडीत एक बाई आजारी आईला घेऊन निघाली होती, वीस मिनिटं तिला कुणी वाट दिली नाही. आणि पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात दोन तरुण इंजिनिअर मोटारीच्या धडकेत गेले. चालवणारा अल्पवयीन होता असा आरोप, आणि तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घालून त्याला मिळालेला जामीन, यावर सारा महाराष्ट्र पेटला. ती गाडी पोर्शे टायकॅन होती. विजेची. धूर नव्हता, आवाज नव्हता. तेव्हा ‘विजेवर गेलं की प्रश्न मिटला’ असं जे म्हणतात त्यांनी त्या दोन मुलांचे आईवडील आठवावेत.

बुलेटच्या सायलेन्सरची पुंगळी काढून फटाके वाजवत फिरणाऱ्यांचंही तेच. आईच्या शेवटच्या आजारपणात मी कोल्हापूरला महिनाभर होते. रात्री दीड-दोनला एक बुलेट दवाखान्यासमोरून फाट्-फाट् करत जायची, आणि प्रत्येक वेळी आईचे मिटलेले डोळे उघडायचे. पोलीस ते सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि वरून रोड रोलर फिरवतात. ते व्हिडिओ ग्रुपवर आले की मावसभाऊ हळहळतो. मी हळहळत नाही. ते केलंच पाहिजे.

पण आरएक्सवाल्याला आणि त्या बुलेटवाल्याला एकाच मापानं मोजायचं का? इथं मला इथली एक सरकारी तजवीज फार शहाणपणाची वाटते. मिशिगनमध्ये गाडी २६ वर्षांची झाली की ‘ऐतिहासिक’ नंबर प्लेट मिळते. अट अशी की ती रोजच्या वापराला आणायची नाही; मेळावे, मिरवणुका, प्रदर्शनं, दुरुस्तीला नेणं, एवढंच. मात्र ऑगस्ट महिनाभर ती कुठंही फिरवायला मुभा. कायद्यानं एक अख्खा महिना जुन्या गाड्यांना दिलेला आहे! वर्षाला चार-पाचशे मैल फिरणाऱ्या गाडीनं हवेचं किती वाईट होणार, हा त्यामागचा हिशेब.

आपल्याकडं केंद्रानं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केला. ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर मालिका, प्रदर्शनाला नि रॅलीला नेता येईल, रोज वापरायची नाही. चांगला नियम. फक्त वय पन्नास पाहिजे. आरएक्स १०० भारतात आली १९८५ ला आणि १९९६ ला बंद झाली. म्हणजे पहिल्यातली पहिली आरएक्ससुद्धा २०३५ ला व्हिंटेज होणार. गाडी पंधरा वर्षांची झाली की ती कायद्याच्या लेखी म्हातारी, आणि पन्नाशीला अमोल ठेवा. मधली पस्तीस वर्षं तिनं कसं जगायचं? दर पाच वर्षांनी रि-पासिंग, चढती फी, आणि भंगारात घाला हा सल्ला. राजदूत ३५०, येझदी, मारुती ८००, पद्मिनी, बहुतेक याच दरीत आहेत. पन्नासची अट तीसवर आणा, आणि मैलांची मर्यादा घाला. वर्षाला हजार किलोमीटर, मीटरचं रीडिंग दाखवून. माझा मावसभाऊ यावर खूश होईल का? मी विचारलं. तो म्हणाला, “हजार लई झालं ताई. मी पाचशे बी फिरवत न्हाई.” त्याची रोजची गाडी इलेक्ट्रिक स्कूटर आहे, हे त्यानं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

आणि पळवायची असेल तर जागा पाहिजे. हे आम्हा मराठी माणसांना दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. बैलगाडा शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ ला बंदी घातली, डिसेंबर २०२१ ला अटींसह मोकळीक दिली, आणि मे २०२३ ला राज्याचा कायदा ग्राह्य धरला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची डॉक्टरी तपासणी, चाबूक नि शॉक बंद. प्राणिप्रेमींचं म्हणणं अजूनही वेगळं आहे, आणि बैल जिवंत आहे, इंजिन नाही, हा फरक मी विसरत नाही. पण तिथं एक गोष्ट स्पष्ट आहे: शर्यत घाटात, म्हणजे तिच्यासाठीच राखलेल्या वाटेवर होते, बाजारपेठेत नाही. ‘भिर्रर्र’ची हाक उठते तेव्हा गाडे ज्या वाटेनं सुटतात ती मोकळी असते. शेतकरी खिल्लार खोंड पोटच्या पोरासारखा वाढवतो तो त्या काही सेकंदांसाठी, आणि ते सेकंद बघायला माणसं लेकराबाळांसकट येतात.

इथं हा घाट म्हणजे ड्रॅग स्ट्रिप. पाव मैल, ४०२ मीटर सरळ रस्ता. पश्चिमेला मार्टिन गावाजवळ यूएस-१३१ नावाची आहे. संध्याकाळी कुणीही आपली गाडी घेऊन जावं. आधी गाडी तपासतात, हेल्मेट बघतात, ॲम्ब्युलन्स उभी असते. एका लेनमध्ये सत्तरीतला म्हातारा शेव्हर्लेच्या जुन्या शेव्हेलमध्ये, दुसऱ्यात पोरगी टेस्लात. बहुतेक वेळा टेस्ला जिंकते. म्हातारा हसत त्या पोरीशी हात मिळवतो. महाराष्ट्रात ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती भरल्या आहेत, पण तिथं सुपरकार घेऊन येणाऱ्यांचाच बोलबाला. उद्यमनगरच्या पोरानं आपली आरएक्स कुठं न्यायची? एमआयडीसीतला एखादा सरळ रस्ता महिन्यातून एका रविवारी सकाळी बंद करावा, पोलीस, डॉक्टर, शंभर रुपये पावती. फटाके वाजवणारी निम्मी पोरं तिकडं जातील असं मला मनापासून वाटतं.

ई-२० बद्दल मी ग्रुपवर दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या, पण जे माहीत आहे ते लिहितेच. इथेनॉल वाईट इंधन नाही. त्याचा ऑक्टेन जास्त, त्याची वाफ होताना सिलिंडर थंड राहतो. डेमन १७० ला १,०२५ अश्वशक्ती मिळते ती ई-८५ वर, म्हणजे मुख्यतः इथेनॉलवर. साध्या ई-१० वर तीच गाडी ९०० देते. आमच्या कोल्हापूर-सांगलीच्या उसातून जे निघतं तेच हे. पण डेमनचं इंजिन त्यासाठी घडवलेलं आहे. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळं ज्या इंजिनाला त्याचा फायदा घेता येत नाही, त्याचा मायलेज निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के पडणार, हे गणित आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या गाडीतलं रबर नि गॅस्केट फुगवतं. आरएक्सच्या कार्बुरेटरला ऑक्सिजन सेन्सर नाही. कुणी जेट, म्हणजे इंधन सोडणारं बारीक भोक, बदलल्याशिवाय त्याला कळणारच नाही की इंधन बदललं. ‘काही होत नाही’ हेही खोटं आणि ‘सगळ्या गाड्या जळणार’ हेही खोटं. इथं माझ्या घराजवळच्या पंपावर ई-१० आहे, ई-८५ आहे, आणि बोटी नि जुन्या गाड्यांसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोलही वेगळ्या नळीला आहे, थोडं महाग. शेतकऱ्याचं इथेनॉल खपतं आणि म्हाताऱ्याची गाडीही वाचते. आपल्या प्रत्येक तालुक्यात असा एक पंप असायला काय हरकत आहे, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मी इथलं सगळंच भलं सांगतेय असं कुणाला वाटू नये. धोरण दर चार वर्षांनी इकडून तिकडं कूस बदलतं, हा या देशाचा मोठा दोष. २०२४ मध्ये धुराचे कडक नियम आले. जुलै २०२५ मध्ये मायलेजचे नियम मोडणाऱ्या कंपन्यांचा दंडच शून्यावर आणला, सप्टेंबरच्या अखेरीला विजेच्या गाडीवरची ७,५०० डॉलरची करसवलत संपली. हेमी व्ही-एट रॅमच्या पिकअपमध्ये परत आलं. आनंद झाला का? पूर्ण नाही. नवं इंजिन घडवायला चार-पाच वर्षं लागतात. मी ज्या इंजिनावर काम करत होते तो प्रकल्प एका सकाळी बंद झाला; आमच्यातल्या सर्वांत जाणत्या माणसांना मुदतपूर्व निवृत्ती देऊन घरी पाठवलं. तीन वर्षांनी तसलंच काम पुन्हा निघालं, तेव्हा त्यांच्या वह्या होत्या, पण त्यांचे कान नव्हते. आवाजावरून नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटल्याचा ठोका, ओळखणारा माणूस तयार व्हायला दहा वर्षं लागतात. आमच्या टीममध्ये आता असं ओळखणारी मी एकटी उरले आहे.

मसल कारमधलं वाचवण्यासारखं जे आहे ते मला इथं दिसतं. माणसाला उघडता येणारं, कानानं कळणारं, हातानं नीट करता येणारं यंत्र, आणि ते येणाऱ्या माणसांची साखळी. ती साखळी उद्यमनगरातही आहे आणि पाँटिअॅकमध्येही, आणि दोन्हीकडं ती तुटत चालली आहे. बाबांच्या गल्लीत तेव्हा बोअरिंगची दुकानं खेटून होती. मी मागच्या खेपेला गेले तेव्हा बाबांच्या दुकानाच्या जागी मोबाईलच्या कव्हरचा गाळा होता.

आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ राहतात. आयुष्यभर मोटारीच्या कारखान्यात लाइनवर होते. त्यांच्याकडं १९६८ ची जीटीओ आहे, हिरवी, त्यांनी पहिल्या पगारापासून साठवून जुनी घेतलेली. त्यांचे हात आता थरथरतात. मागच्या रविवारी त्यांनी कुंपणापाशी येऊन विचारलं, आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची चाल, नीट बसत नाही, बघशील का. मी गेले. दोनदा ॲक्सिलरेटर दाबला, किल्ली फिरवली, इंजिन खोकलं आणि पेटलं, पण मधेच उचकी देत होतं, आरपीएम वर-खाली. मी मिश्रणाचे स्क्रू इकडं तिकडं फिरवून बघितले. टायमिंग लाइट लावून बघितला, ठीक होतं. तासभर गेला. शेवटी मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड केला आणि मावसभावाला पाठवला, त्याला व्ही-एट ऐकायला आवडतं एवढ्याच विचारानं. तिकडं रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

दोन मिनिटांत उत्तर आलं.

“ताई, स्क्रूला हात लावू नको. कुठनंतरी हवा ओढतीया. कार्बुरेटरच्या बुडाला बघ.”

मी कार्ब क्लीनरचा डबा आणला आणि कार्बुरेटरच्या बुडाशी, मागच्या बाजूला एक बारीक फवारा मारला. इंजिनाचा सूर एकदम चढला आणि दोन सेकंदांत उतरला. गॅस्केट वाळून कडक झालं होतं, तिथूनच हवा आत जात होती. शेजाऱ्यांनी विचारलं, कसं कळलं? मी फोन त्यांच्या कानाला लावून मावसभावाचा आवाज ऐकवला. त्यांना एक शब्द समजला नाही, तरी त्यांनी तो दोनदा ऐकला.

नवं गॅस्केट मागवलं आहे. शनिवारी बसवायचं आहे, मुलीला बरोबर नेणार आहे. इंजिन बंद असताना.